कंसातलं शून्य

खानापूर, स्टेशन रोड. माझ्या पोलिओच्या पायाला
सरकारनं दिलेला बूथ, तीन बाय चार,
काचेचं दार, लाल आकड्यांचा मीटर
आणि पिवळा बोर्ड: वर कन्नड ठळक,
खाली मराठी, जागा उरली तेवढी.

शालन मुतगेकर रविवारी यायची.
नवरा उद्यमबागेतल्या फाउंड्रीनं
तीन महिने जर्मनीला धाडलेला,
साच्यात वाळू दाबणारं मशीन शिकायला.
नंबर पत्रात, निळ्या शाईत,
परशरामच्या टपोऱ्या अक्षरात.
मधे कंस. कंसात शून्य.
मी डोळ्यांत तेल घालून
एकूणएक आकडा फिरवला.

आधी तीन सूर, जिना चढणारे.
मग एक बाई:
काइन आन्श्लुस उंटर डीझर नुमर.
परत तीन सूर, परत तीच बाई,
ना चढा आवाज, ना धाप.

"कोण बोलूलीय ती?" शालननं विचारलं.
म्हटलं, रेकॉर्ड आहे.
"रेकॉर्ड एवढं सावकाश बोलतंय?"
एवढी शांत, तिच्या मते, सवतच असते.

मीटर मात्र हलला नाही.
बाई फुकट होती.
हे कळलं तसं पुढच्या रविवारी
पोरं जमली जर्मनी ऐकायला.
रिसीव्हर कानाकानातून फिरला.
नुमर म्हणजे नंबर, एवढं सगळ्यांनाच उमगलं.
उंटर ऐकून कुंभाराच्या भैरूला उंट दिसला.
मग ते रूढच झालं.
नंदगडची बस आली नाही: काइन आन्श्लुस.
ऐन दळणात लाईट गेली: काइन आन्श्लुस.
तिसरी मुलगी बघून आलेल्या पुंडलिकनं
चपला काढता काढता
आईला तेवढंच सांगितलं.

आमची हुबळीची बाई वेगळी.
दयविट्टु, स्वल्प समयद नंतर प्रयत्निसि.
स्वल्प, समय, नंतर, प्रयत्न.
शब्द सगळे घरचे,
वाक्य तेवढं शेजारचं.
तिची कुणी नक्कल केली नाही.
ती रोजची होती, जर्मनवाली पाहुणी.

चौथ्या रविवारी एक्स्चेंजचे हिरेमठ आले,
लाईन तपासायला, खांद्याला टेस्टिंगचा फोन.
पत्र उजेडात धरून
कंसावर नख ठेवलं.
"इदु बिडबेकु. हे सोडायचं, अक्का.
तिथल्या तिथं फिरवलं तर लागतं,
बाहेरून आलं तर गाळायचं."

मला हसू आलं. हिरेमठांना कळेना का.
आहे, छापलंय, पण उच्चारायचं नाही;
अर्जात लिहायचं, निकालात गाळायचं.
हे गणित आम्हाला शिकवायला
जर्मनी कशाला हवी होती?

शून्य गाळलं.
घंटी वाजली, एकेरी, लांब,
आपल्यासारखी जोडीनं नाही.
"हॅलो," परशराम म्हणाला, आणि मीटर धावत सुटला.
महिनाभर जुळवून ठेवलेलं सगळं विसरून
शालननं विचारलं,
"ती बाई कोण?"

बिल सत्त्याण्णव रुपये.
त्यातले साठेक त्या बाईवर गेले.

परवा मोबाईलवरून
माझ्याच बूथचा जुना नंबर लावला, उगाच.
बूथ गेला. त्या जागी आता चार्जर मिळतात.
नीवु करे माडिद संख्ये अस्तित्वदल्लिल्ल.
संख्या आपली. अस्तित्वही आपलंच.
शेवटचं इल्ल तेवढं त्यांचं,
आणि तेच तर आम्ही
कचेरीच्या खिडकीत सगळ्यात आधी शिकलो.
मग इंग्रजीत तेच.
मग जराशी शांतता,
तिसरी एखादी बाई मावेल एवढी.

थांबलो. मीटर नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं.
मग मीच म्हणालो,
सावकाश, शालनच्या सवतीसारखा:
काइन आन्श्लुस.